गावच्या पाण्यासाठी परदेशातले गाववाले पैसे द्यायला तयार आहेत, मुंबई मंडळाने ते घ्यायचे कसे?

लालबाग_चिटणीस

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे पण कृपा करून पूर्ण वाचा कारण मी खरंच अडकलोय.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मुंबईत आमचं ग्रामस्थ मंडळ आहे, 1974 ची नोंदणी, तेव्हा आमचे आजे-वडील सगळे गिरणीत, लालबागला गावकीची एक खोली होती तिथेच 20-25 जण शिफ्टप्रमाणे झोपायचे आणि तिथेच मंडळाची मीटिंग व्हायची. खोली अजून आहे, मीटिंग अजून तिथेच होते, फक्त माणसं आता भांडुप, दिवा, नालासोपाऱ्याहून येतात. दोन वर्षांपासून मी चिटणीस आहे. वर्गणी माणशी वर्षाला 600 रुपये, 26 जानेवारीला सत्यनारायणाची पूजा आणि हळदीकुंकू, अधूनमधून नमनाचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्याचा, एखादा प्रयोग लावून देणगी प्रवेशिका विकायच्या आणि त्यातून गावाला काहीतरी करायचं, आजवर असंच चाललं.

आता झालंय असं की आमची 11 मुलं बाहेर आहेत. दुबई, शारजा, दोहा, मस्कत, एक लंडनला, दोघं अमेरिकेत. मे महिन्यात त्यातले चौघं सुट्टीला गावी आले आणि त्यांनी स्वतः बघितलं की खालच्या वाडीत बायका रात्री 2 वाजता उठून विहिरीवर नंबर लावतात. पावसाळ्यात आमच्याकडे एवढं कोसळतं की पऱ्ह्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, पूल ओलांडता येत नाही आणि एप्रिल उजाडला की टँकर. जांभ्या दगडाची जमीन, पाणी थांबतच नाही. मुलांनी तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, नवीन विहीर, पंप आणि वर साठवण टाकी असं ठरलं, आणि उत्साहात पैसे पाठवायला सुरुवातही केली. पाठवले कुणाच्या खात्यात तर माझ्या चुलत भावाच्या सेव्हिंग खात्यात, कारण मंडळाचं खातं चालवणारे दोन जण वारले आणि तिसरे अंथरुणावर. आत्तापर्यंत 2 लाख 40 हजार जमलेत. त्यातले 80 हजार अमेरिकेतल्या एकाचे, जो आता तिथला नागरिक झालाय आणि ज्याच्या खात्यात पाठवले त्या माझ्या चुलत भावाचा तोही चुलत भाऊच लागतो.

आता भाऊ घाबरलाय, बँकेतून फोन आला की हे पैसे कशाचे. दुसरीकडे मंडळातले ज्येष्ठ म्हणतात की एवढे पैसे येतायत तर आधी ग्रामदेवतेच्या देवळाचा सभामंडप करू, पाणी सरकार देईल. बाहेरची मुलं म्हणतात आम्ही पाण्यासाठी दिले. मला दोन्हीकडून फोन.

माझे प्रश्न : हे पैसे कायदेशीरपणे कसे घ्यायचे, आलेत त्यांचं काय करायचं, आणि ज्यांनी असं काम खरंच केलंय त्यांनी सांगा की काय चुकतं. मला हे काम व्हायलाच हवंय हो. माझ्या आईचं अर्ध आयुष्य त्या विहिरीवर गेलंय.

खतावणी

मी गेली 19 वर्षं ट्रस्ट आणि मंडळांचे हिशोब बघतो, दादर-वरळी भागात. तुमच्यासारखी केस महिन्याला एक तरी येते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, भावाच्या खात्यात आणखी एक रुपया घेऊ नका, आजच ग्रुपवर टाका. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षाला मिळून 50 हजारांच्या वर पैसे आले तर इन्कम टॅक्सच्या हिशोबाने ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि चुलत भाऊ हा त्या कायद्याच्या नातेवाईकांत बसत नाही. म्हणजे गावाच्या पाण्यावर तुमच्या भावाने कर भरायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे पासपोर्ट. लोक समजतात परदेशातून आले म्हणजे परदेशी पैसे. तसं नाहीये. जो भारताचा नागरिक आहे, भारतीय पासपोर्ट आहे, तो दुबईत राहो की दोह्यात, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी ही परकीय देणगी धरत नाहीत. तुम्ही फक्त त्याच्या पासपोर्टची कॉपी आणि कशासाठी पैसे दिले याचं दोन ओळींचं पत्र फाईलला लावून ठेवा. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तो परकीय स्रोत. त्याचे पैसे घ्यायला संस्थेकडे परकीय देणगी कायद्याची, म्हणजे 2010 च्या एफसीआरएची नोंदणी किंवा त्या कामापुरती आधी घेतलेली परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी पाहिजे आणि मागच्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर 15 लाख खर्च केलेला पाहिजे. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकतात आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही बंद झालं. तुमच्या मंडळाला हे सध्या जमणारं नाही, स्पष्टच सांगतो. ते 80 हजार एखाद्या सीएला कागद दाखवून, ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत पाठवा. नातेवाईकाकडून घेतलेल्या पैशाला त्या कायद्यात सूट आहे पण त्यात आईबाप, सख्खी भावंडं, मुलं येतात, चुलत भाऊ इथेही येत नाही. आणि सख्खा असता तरी घरखर्चाला म्हणून मागवायचे आणि मंडळाच्या कामाला फिरवायचे हा रस्ता मी कुणाला सांगणार नाही.

तिसरं, मंडळ. 1974 ची नोंदणी म्हणजे बहुधा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशी दोन्ही सर्टिफिकेटं असतील, ती शोधा. मग वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परिशिष्ट एकचा उतारा काढा, म्हणजे मंडळाच्या नोंदीचा, ज्यात विश्वस्तांची नावं असतात. माझी पैज आहे की त्यावरची निम्मी नावं वारलेल्या माणसांची असतील. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो तो कुणीच देत नाही, आणि मग बँक म्हणते नवीन सह्या घेणार नाही. आधी ते सरळ करा. उशिराचा अर्ज करावा लागेल, वेळ जाईल, पण ते झाल्याशिवाय खातं चालू होणार नाही. मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, पण वाचा, उद्दिष्टांत गावाचा विकास आहे की नुसतं सभासदांचं कल्याण, हे बघा.

80जीचं, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या करसवलतीचं, बोलायचं तर आखाती मुलांचं भारतात करपात्र उत्पन्नच नसेल तर त्यांना त्याचा उपयोग नाही. मुंबईतल्या दात्यांना होईल, तोही जुन्या कररचनेत असतील तरच, आणि रोख 2,000 च्या वर दिले तर सूट मिळत नाही. म्हणून ते नंतर केलंत तरी चालेल.

शारजाहून_सावर्डेकर

दादा तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी 2009 पासून यूएईत आहे, एसीच्या डक्टचं काम करतो, आमच्या खोलीत सहा जण.

एक गोष्ट तुझ्या ग्रुपवरच्या पोरांना लगेच कळव. यूएईत स्वतःहून देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. 2021 चा कायदा आहे, परवाना असलेल्या संस्थाच गोळा करू शकतात, आपण खाजगी माणसाने फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाहन केलं तरी त्यात येतं. मोठा दंड आहे, जेल आहे, आणि परदेशी माणसाला परत पाठवतात ते वेगळं. आपल्या लोकांना वाटतं गावासाठी चाललंय, देवाधर्माचं काम, कोण विचारतंय. आमच्या ओळखीत एका पोराने गावच्या आजारी मुलाच्या ऑपरेशनसाठी मेसेज फिरवला होता, हेतू चांगलाच होता, चौकशीला बोलवलं, आठ दिवस त्याच्या घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणून तुमचा ग्रुप इथल्या नंबरवरून कुणी चालवत असेल तर त्याला अ‍ॅडमिनवरून काढा, आवाहन मुंबईतून मंडळाच्या नावाने जाऊ दे, आणि ज्याला द्यायचंय त्याने स्वतःचे पैसे स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यातून थेट मंडळाच्या खात्यात टाकावेत. एकाने चौघांचे घेऊन पाठवायचे नाहीत. हुंडीवाल्याकडून तर अजिबात नाही, दोन पैसे जास्त मिळतात म्हणून लोक देतात आणि नंतर कागदच नसतो.

आता मनातलं सांगतो. आम्ही पैसे द्यायला कधीच मागेपुढे बघत नाही. इथे खाडीपलीकडे दिवे लागले की मला आमची वाडी दिसते, खोटं नाही सांगत. 50 दिरहॅम देणारा माणूससुद्धा एका दिवसाचं जेवण-चहा तोडून देतो. पण पैसे गेल्यावर गावाकडून आवाज बंद होतो ना, ते लागतं. 2014 ला आम्ही नऊ जणांनी शाळेच्या कंपाऊंडला दिले, भिंत बांधली म्हणे, फोटो मागून मागून थकलो, शेवटी चार वर्षांनी सुट्टीला गेलो तेव्हा भिंत बघितली, चांगली बांधली होती, कुणी एक पैसा खाल्ला नव्हता. नुसतं सांगितलं नव्हतं कुणी. त्या चार वर्षांत आमच्यातल्या पाच जणांनी पुढच्या कामाला पैसे दिले नाहीत. पावतीचा एक फोटो पाठवला असता तर ते पाच जण तुटले नसते. तू चिटणीस आहेस, दर महिन्याच्या एक तारखेला जमा किती, खर्च किती, शिल्लक किती एवढं तीन ओळीत टाक. काम झालं नसेल तर झालं नाही म्हणून टाक.

धोबीतलावचा_वाचक

तांत्रिक उत्तरं वर आलीच आहेत. मला फक्त एवढं सांगावंसं वाटतं की तुम्ही करताय ते या शहराला नवीन नाही, आणि जुन्या लोकांनी ते कसं केलं हे बघण्यासारखं आहे.

1854 मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया नावाचा आपला माणूस इराणला पाठवला. इराण ही त्यांची मूळ भूमी, सोडून हजार वर्षं झालेली, पण तिथे मागे राहिलेले झरथुष्ट्री फार हलाखीत होते, जिझिया भरावा लागायचा, घर बांधण्यावर, घोड्यावर बसण्यावर बंधनं. मुंबईत त्यांच्यासाठी फंड उभा राहिला, पेटिट घराण्यासारख्या मोठ्या लोकांनी त्यात पुढाकार घेतला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की यांनी नुसते पैसे पाठवले नाहीत, माणूस पाठवला. हातारियांनी यझ्द आणि केरमानला जाऊन आधी लोक मोजले, कुणाला काय त्रास आहे ते लिहून मुंबईला कळवलं, मग शाळा, दख्मे (अंत्यविधीचे मनोरे), अग्यारींची दुरुस्ती आणि गरिबांचा जिझिया या फंडातून होत गेला. आणि बरोबरीने शहाच्या दरबारात जिझिया रद्द व्हावा म्हणून प्रयत्न चालू ठेवले, तो 1882 मध्ये रद्द झाला. अठ्ठावीस वर्षं. एवढा वेळ मुंबईत बसून लोक पैसे देत राहिले कारण तिथे त्यांचा विश्वासाचा माणूस राहत होता आणि लिहीत होता.

आमच्या धोबीतलावला गोव्याच्या लोकांचे क्लब आहेत, त्यांच्या भाषेत कूड. गावाप्रमाणे वेगळं कूड, बोटीवर नोकरीला जाणारा खलाशी आधी तिथे उतरायचा, ट्रंक तिथे ठेवायचा, संध्याकाळी सगळे मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे आणि गावच्या फेस्ताला वर्गणी जायची. तुमच्या लालबागच्या खोलीचंच हे दुसरं रूप आहे. मी लहानपणी त्या जिन्यावरून येणारे आवाज ऐकलेत.

म्हणून सभामंडपवाल्या ज्येष्ठांवर रागावू नका. देऊळ, फेस्त, पालखी यांच्यामुळेच माणसं शंभर वर्षं गावाला धरून राहिली. शिमग्याला पालखी नसती तर ती चार मुलं मे महिन्यात गावी आलीच असती असं नाही. पण ज्याने पाण्यासाठी म्हणून दिले ते पाण्यालाच लागले पाहिजेत, यात मात्र दुमत नको. हवं तर मंडपासाठी वेगळी पावतीपुस्तकं छापा आणि नमनाचा प्रयोग लावा. परळच्या दामोदर हॉलमध्ये किती गावांची देवळं आणि शाळा अशा देणगी प्रवेशिकांवर उभ्या राहिल्या, तो 2023 ला पुनर्विकासासाठी बंद झाला तेव्हा आमच्या ओळखीतले कितीतरी लोककलावंत हळहळले.

एडिसनची_मावशी

मी न्यू जर्सीत 26 वर्षं आहे, मूळची गिरगावची. अमेरिकेतल्या त्या मुलाच्या बाजूने दोन शब्द लिहिते, कारण पैसे परत आले की त्याला फार वाईट वाटेल, आपलं गाव आपल्याला परकं म्हणतंय असं वाटेल. माझंही तसंच झालं होतं. नागरिकत्व घेतलं त्या वर्षी मी माझ्या शाळेच्या लायब्ररीला नेहमीप्रमाणे पैसे पाठवले आणि शाळेने परत केले. मी रडले होते. नंतर कळलं की शाळेने बरोबर केलं, घेतले असते तर तीच अडचणीत आली असती.

त्याला म्हणावं, इथे करसवलत असलेल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत ज्या भारतातल्या एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थांना पैसे देतात. आपल्या लोकांची महाराष्ट्र फाउंडेशन तर 1978 पासून आहे. तुमच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात पाण्यावर काम करणारी अशी नोंदणी असलेली एखादी संस्था शोधा, आणि त्या संस्थेनेच तुमच्या वाडीचं काम हाती घ्यायचं. पैसे तुमच्या मंडळाकडे येणार नाहीत, काम तुमच्या गावात होईल. त्याची कंपनी मोठी असेल तर कर्मचाऱ्याने दिलं तेवढेच कंपनी आपल्याकडून घालते असंही बरेच ठिकाणी असतं, त्याने एचआरला विचारावं. 80 हजारांचे 1 लाख 60 हजार होतील.

आणि पैशाशिवाय त्याच्याकडून काहीतरी काम मागा हो. पंपाचं डिझाइन बघायला, हिशोबाची शीट बनवायला, काहीही. बाहेर राहणाऱ्या माणसाकडून सगळे फक्त पैसेच मागतात, ते आम्हाला कळतं.

लांज्याची_सून

मी गावात राहते. लांजा तालुका. पाणी समितीत आहे आणि तीन वर्षं पंपाची चावी माझ्याकडे होती. वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण एकानेही विचारलं नाही की पंप चालवणार कोण.

आमच्याकडे 2011 साली मुंबई मंडळाने अशीच योजना केली. विहीर, 5 एचपीचा पंप, वर 20 हजार लिटरची टाकी, उद्घाटनाला मांडव, मुंबईहून दोन गाड्या भरून लोक आले, दगडावर देणगीदारांची नावं. दोन वर्षं पाणी मस्त आलं. मग वीजबिल थकलं, कारण पाणीपट्टी महिना 50 रुपये ठरली होती ती निम्मी घरं द्यायची नाहीत, मुंबईकरांची बंद घरं तर म्हणायची आम्ही वर्षात दहा दिवस येतो, आम्ही का द्यायची. आणि गणपतीला तीच घरं भरली की सगळ्यात जास्त पाणी तिथेच लागायचं. मग पंप जळला. रिवाइंडिंगला 9 हजार पाहिजे होते. ते 9 हजार कुणाकडे नव्हते! योजनेला सात लाख देणारं मंडळ म्हणालं की आम्ही आमचं काम केलं, आता तुम्ही बघा. बरोबरच होतं त्यांचं एका अर्थी. आम्ही पुन्हा हंडे घेऊन खाली उतरलो.

आणि टाकी बांधली ती जागा सामाईक. सातबाऱ्यावर 14 नावं. बांधताना घरातल्या मोठ्या माणसाने हो म्हटलं, तोंडी. तो वारला, पुतण्यांचं भांडण झालं, त्यांनी टाकीच्या वाटेला कुंपण घातलं. आजही ती टाकी तशीच आहे, त्यावर पिंपळ उगवलाय.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, विहीर खणायच्या आधी जागेचं बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावाने रजिस्टर करून घ्या, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, जे मुंबईला आहेत त्यांना गाठणं हे तुमच्या मंडळाचंच काम आहे, ते आम्हाला गावातून जमत नाही. ग्रामसभेचा ठराव घ्या. सरकारची जलजीवन योजना तुमच्या गावात कुठवर आलीय ते ग्रामसेवकाला विचारा, कारण त्यात गावातल्या कामाच्या खर्चाची 10 टक्के लोकवर्गणी असते, डोंगरी भागाला 5 टक्के. गावातल्या लोकांना तेवढेही भरता येत नाहीत म्हणून कामं अडतात. तुमचे 1 लाख 60 हजार तिथे घातले तर कदाचित पूर्ण योजनाच उभी राहील आणि वेगळी विहीर लागणारच नाही. आणि त्यातला एक भाग तोडून मुदत ठेवीत टाका, पंप, बिल आणि वायरमन यासाठीच. त्या ठेवीला कुणाच्या नावाचा दगड लागणार नाही पण आमच्या गावात ती असती तर टाकीवर पिंपळ आला नसता.

अजून एक. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा माझं माहेर तिथलं म्हणून मी आठव्या दिवशी गेले. मुंबईहून, पुण्याहून टेम्पोवर टेम्पो, लोकांनी जीव तोडून मदत केली, पाण्याच्या बाटल्या, चटया, बिस्किटं, कुणाचे उपकार विसरणार नाही. पण जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले होते आणि माझ्या वहिनीला पाहिजे होतं ते फावडं, फिनेल आणि सॅनिटरी पॅड. कुणीतरी फोन करून विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तुमच्या खालच्या वाडीतल्या बायकांना मीटिंगला बोलवा. रात्री 2 वाजता उठणाऱ्या त्या आहेत. कुठल्या झऱ्याला मे महिन्यात पण पाणी असतं हे त्यांना माहीत असतं, इंजिनियरला नसतं.

खतावणी

लांज्याच्या ताई, तुमचं वाचून मी माझ्या सगळ्या मंडळांच्या ताळेबंदात बघितलं, देखभाल निधी म्हणून वेगळं खातं असलेलं त्यात एकच निघालं. चिटणीस, हा निधी ठरावात लिहून घ्या, मूळ रक्कम मोडायची नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि मोडायची वेळ आलीच तर सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमत लागेल असं. हे कायद्याने बंधनकारक नाही, पण लिहिलेलं असलं की पुढच्या कमिटीला हात लावताना विचार करावा लागतो.

लालबाग_चिटणीस

सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्ट टाकून तीन महिने झाले, काय काय झालं ते सांगतो कारण काही जणांनी मेसेज करून विचारलं.

अमेरिकेतल्या भावाला मी स्वतः फोन केला, मेसेजवर टाकलं नाही. मावशी, तुमचं बोलणं त्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. पैसे बँकेत लेखी देऊन परत गेले. त्याने तिथून हिशोबाची शीट बनवून दिलीय, ती ग्रुपवर सगळ्यांना दिसते, बदलायचा अधिकार फक्त खजिनदारांना. रत्नागिरी जिल्ह्यातली एक संस्था त्याने शोधलीय, बोलणं चालू आहे.

दुबईच्या पोराने अ‍ॅडमिनपद सोडलं. शारजाच्या दादा, तुमच्यामुळे. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

वरळीहून उतारा काढला. परिशिष्ट एकवर सात नावं, त्यातले सहा हयात नाहीत. त्यात माझ्या आजोबांचं नाव होतं, खाली त्यांची सही, मोडीसारखं वळण असलेली. मी तो कागद घेऊन तिथल्या बाकावर बसून राहिलो थोडा वेळ. गिरणीच्या पगारातून 2 रुपये वर्गणी द्यायचे ते. चेंज रिपोर्ट दाखल केलाय, तारीख मिळालीय. तोपर्यंत आखाती मुलांचे 1 लाख 60 हजार त्यांना परत केले, त्यांनी ते आपल्याच खात्यात बाजूला ठेवलेत. एकानेही परत घेताना कुरकुर केली नाही.

ज्येष्ठांशी दोन मीटिंगा वादात गेल्या. तिसऱ्या मीटिंगला मी गावाहून खालच्या वाडीतल्या तिघींना व्हिडिओ कॉलवर घेतलं, त्यातली एक माझी आई. तिने फक्त सांगितलं की विहिरीवर नंबर कसा लागतो, कोण किती वाजता उठतं, गेल्या वर्षी कोण घसरून पडली. आमचे अध्यक्ष 78 वर्षांचे आहेत, तेच म्हणाले की मंडपासाठी प्रयोग लावू, हे पैसे पाण्याचेच. ठराव एकमताने झाला.

ग्रामसेवक म्हणाले जलजीवनमध्ये आमच्या गावाचा आराखडा मंजूर आहे, पण खालची वाडी त्यात धरलीच नव्हती कारण सर्व्हेच्या दिवशी तिथे माहिती द्यायला कुणी नव्हतं, सगळ्या पाण्याला गेल्या होत्या. आता ग्रामसभेचा ठराव घेऊन ती वाढवायची मागणी केलीय. आईने आणि दोन काकूंनी मिळून वरच्या रानातला एक झरा दाखवला जो मे महिन्यातही करंगळीएवढा वाहतो, तिथून उताराने पाइप टाकला तर पंपच लागणार नाही असं पाहणी करणारे म्हणतात, पावसाळा संपल्यावर परत मोजणार आहेत. तोवर डिसेंबरात पऱ्ह्यावर गोण्यांचा वनराई बंधारा घालायचा, त्याला मुंबईहून 30 जण श्रमदानाला येतो म्हणालेत.

टाकीसाठी जी जागा बघितलीय तिच्या सातबाऱ्यावर 9 नावं आहेत. 6 जणांना भेटलो, डोंबिवली, विरार, एक सुरतला होते तिकडेही जाऊन आलो. दोघं हो म्हणाले पण सही करायला गणपतीत गावी येतो म्हणाले. एक राहिलाय, त्याचा पत्ताच नाही, मस्कतला असल्याचं शेवटचं कुणीतरी ऐकलं होतं, आमचा मुलगा तिथे शोधतोय. परदेशात असलेल्या हिस्सेदाराची सही बक्षीसपत्रावर कशी घ्यायची, मुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतून करावं लागतं का, आणि इथे आल्यावर पुन्हा काही करावं लागतं का, हे कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज लिहा. गणपतीच्या आधी कळलं तर बरं होईल.